पिंजाऱ्याचं बंद दार

गुलाम रसूल गेले त्याच्या अकराव्या दिवशी त्यांचा मुलगा जुबेर यानं बापाची कापूस पिंजायची मशीन चालू केली, आणि बापासारखीच दोन्ही दारं लावून घेतली. एक रस्त्याकडचं, एक घराकडचं. आत घरघर सुरू झाली तशी गल्लीतली माणसं जाता-येता थांबून म्हणू लागली, पोरगं अगदी बापावर गेलं. मुदखेडच्या त्या गल्लीला माणूस मेल्यावर त्याचं कौतुक करायची भारी हौस. जिवंतपणी गुलाम रसूलना कुणी बोलावून एक कप चहा पाजल्याचं त्यांच्या बायकोला, शकिलाला, काही आठवत नव्हतं.

शकिला तेव्हा घराकडच्या त्या दाराला पाठ लावून बसलेली असायची. तिची इद्दत चालू होती. नवरा गेला की चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. तेराव्या दिवशी मशीनच्या घरघरीतून तिला जुबेरचा खोकला ऐकू आला. फार नाही, दोनच ठसके. तिनं दाराला कान लावला.

रस्त्याकडचं दार बंद का असायचं हे आता जगात एकट्या तिला माहीत होतं. सांगितलं नाही तर पोरगाही बापाच्याच वाटेनं जाणार. सांगितलं तर दोन्ही लेकरं तिचं तोंड बघायची नाहीत. दाराला पाठ लावून ती दिवसभर हेच घोळवत बसायची.

गुलाम रसूल जातीचे पिंजारी. बापानं मागं ठेवलं ते एवढंच: माणसाच्या उंचीची एक धुनकी, म्हणजे कापूस पिंजायचं ते तात लावलेलं धनुष्य, आणि ती तात छेडायची लाकडी मूठ. लग्न झालं तेव्हा ते धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे. बारड, भोकर, कधी रेल्वेनं थेट किनवट. तिथल्या आश्रमशाळांच्या वसतिगृहांत पोरांच्या गाद्या दगडासारख्या झालेल्या असायच्या. आठ-आठ दिवस तिथल्याच व्हरांड्यात झोपून ते त्या उसवायचे, पिंजायचे, पुन्हा भरायचे. घरी यायचे तेव्हा भुवयांवर, मिशीवर, कानांच्या पाळ्यांवर कापूस बसलेला. शकिला उदगीरची, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "म्हातारा करूनच धाडलं का तुमाला?" ते हसून आधी न्हाणीत जायचे. अंग धुतल्याशिवाय त्यांनी कधी लेकराला हात लावला नाही.

माणूस बोलायला कंजूष, कामाला मात्र उदार. पुढं रस्त्याकडच्या खोलीत त्यांनी मशीन घातली आणि फिरणं थांबलं. मग दोघं एका जागी कामाला बसू लागली. ते पिंजायचे, खोळीत भरायचे, काठीनं बडवून सारखं करायचे. ती दाभण घेऊन टाके घालायची. या भागातले शेतकरी पोरीच्या लग्नाची गादी स्वतःच्या रानातल्या कापसाची करून घेतात. सरकी काढलेली रुई गाठोड्यात बांधून आणतात आणि वर सांगतात, आमचाच भरा बरं. गुलाम रसूलनी एका घरची रुई दुसऱ्या घरच्या गादीत कधी चिमूटभरसुद्धा जाऊ दिली नाही. एकाचं काम झालं की खोली झाडायची, मशीन पुसायची, मगच दुसऱ्याचं गाठोडं सोडायचं. आणि तोंडावर सांगायचे, "हा कापूस सडलाय, ह्याची गादी करू नका, पोरीला आयुष्यभर शिंका येतील." गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जायचं आणि पुढच्या साली त्यांच्याकडंच यायचं. खोटं बोलायचं त्यांना जमतच नसे.

अर्शी सातव्या महिन्यातच झाली. तळहाताएवढी पोर, थंडीचे दिवस. डॉक्टरनं सांगितलं, ऊब तुटली तर जगायची नाही. मशीन घरात असून गुलाम रसूलनी जुनी धुनकी खाली काढली. मशीनचा कापूस लेकराला टोचेल म्हणाले. एकच रुई त्यांनी अकरा वेळा हातानं पिंजली, टोपल्यात अंथरली आणि त्यात पोरीला ठेवलं. दोन महिने रोज सकाळी नवी रुई, रोज अकरा वेळा. गिऱ्हाइकांची कामं खोळंबली. लोक बोलले. अर्शी जगली, बारावी झाली, लातूरला दिली. तिच्या लग्नानंतर दर थंडीत ते एक नवी रजई मांडीवर घेऊन एसटीनं लातूरला जायचे. कंडक्टर टपावर टाका म्हणायचा. ते म्हणायचे, भिजंल. ढग नसले तरी हेच म्हणायचे.

जुबेरला मात्र त्यांनी मशीनला हात लावू दिला नाही. "तू ह्या धंद्यात यायचं न्हाई," एवढंच म्हणाले. तो नांदेडला फर्निचरच्या दुकानात लागला. सकाळच्या गाडीनं जायचा, संध्याकाळी यायचा. त्याचा पोरगा अबुजर रांगायला लागला तेव्हा आजोबा दिवसातून चार-चारदा अंघोळ करू लागले, कारण नातू कधी मांडीवर चढेल याचा नेम नव्हता. शकिला म्हणायची, हौदच रिकामा करायला निघालेत. म्हणायची आणि पाणी काढून द्यायची.

खोकला तसा त्यांना जुनाच होता. तोंडाला फडकं बांधून, रस्त्याकडचं दार सताड उघडं टाकून ते काम करायचे. धूळ बाहेर जायची, समोरचा किराणावाला कुरकुरायचा, आणि दिवसाचे पाच-सात ठसके कुणाच्या लक्षातही यायचे नाहीत. मग कोरोनाचं साल आलं.

टाळेबंदी उठल्यावर लग्नं निघाली, गाठोडी येऊ लागली. एक दिवस दोन बाया रुई घेऊन आल्या आणि दारात उभ्या असतानाच गुलाम रसूलना ठसका लागला. त्या बाया एकमेकींकडं बघत चार पावलं मागं सरल्या. गाठोडं उचललं आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एकजण परत गेला. गल्लीत कुजबूज झाली की पिंजाऱ्याला झालंय. ज्याच्या हातच्या गादीवर नव्या नवरीनं झोपायचं त्याला असा रोग असून कसं चालेल?

शकिलाचा जीव टांगणीला लागला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ऐका जरा. दार लावून काम करा. खोकला भाईर जाऊ देऊ नका."

"धूळ कोंडंल की."

"थोडेच दिवस. हे साल निघू द्या."

त्यांनी दार लावलं. खिडकीच्या फटींतून आवाज जातो म्हणून शकिलानं स्वतःच्या हातानं फटींत कापूस ठासला. ती बाहेर ओट्यावर बसू लागली. गिऱ्हाईक आलं की गाठोडं तीच घ्यायची, मालक कामात आहेत, उठणार नाहीत म्हणायची, आणि दारावर दोन टिचक्या मारायची. टिचक्या ऐकल्या की आत गुलाम रसूल तोंडात फडकं कोंबून खोकला दाबायचे. गिऱ्हाइकं परत येऊ लागली. ते साल गेलं, दुसरं गेलं. लोक खोकल्याला भ्यायचे थांबले, पण दार लावायची सवय काही सुटली नाही. गिऱ्हाईक तुटेल या धास्तीनं शकिला दार उघडा म्हणाली नाही आणि ती म्हणाली नाही म्हणून त्यांनी उघडलं नाही.

तिसऱ्या साली त्यांना रस्ता ओलांडताना मध्येच थांबावं लागायला लागलं. तेव्हा जुबेरनं नांदेडला मोठ्या डॉक्टरीण बाईंकडं नेलं. फोटो निघाले. जुबेर औषधाच्या रांगेत उभा होता, आत दोघंच होती. बाई फोटो उजेडापुढं धरून म्हणाल्या, "कापसाची धूळ आहे ही. छाती भरलीय. खोलीला खिडकी आहे का? दार उघडं असतं का काम करताना?"

गुलाम रसूलनी शकिलाकडं पाहिलं. क्षणभरच.

"हाव," ते म्हणाले. "मोठी खिडकी हाय. दार तर सदा उघडंच राहतंय."

"मग इतकी कशी गेली आत?" बाई म्हणाल्या. काम बंद करा, असं त्यांनी बजावलं.

परतीच्या गाडीत गुलाम रसूलनी तिला पेरू घेऊन दिला, मीठ-तिखट लावलेला. तिनं तो खाल्ला. दाराबद्दल ती काही बोलली नाही, तेही बोलले नाहीत. जुबेरला त्यांनी सांगितलं, दमा हाय, आमच्या खानदानातच हाय.

दुसऱ्या दिवशी शकिलानं आपल्या हातानं रस्त्याकडचं दार उघडलं. ते उठले, भिंत धरत गेले आणि पुन्हा लावून आले. "आता उघडलं तर पोरं इचारतील, इतके दिस का लावलं होतं. राहू दे. माहं काय उरलंय आता." त्याच आठवड्यात जुबेरनं विचारलंच, अब्बा, उकाड्यात दार लावून का बसता. तेव्हा ते म्हणाले, "उघड्या दारात काम केलं की बरकत जाती, बेटा." जुबेरला ते पटलं. बापाचा शब्द त्याला कुराणाखालोखाल होता.

पुढचे आठ महिने ते तक्क्याला टेकून बसूनच झोपले. तशातही तासभर तरी मशीनवर बसायचे. माघाच्या थंडीत, भर दुपारी, शकिला पेजेची वाटी घेऊन आली तर त्यांची मान एका बाजूला पडली होती. वाटी खाली ठेवून ती त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं सुनेला हाक मारली.

मयतीपाशी बायांनी तिला धरून नेलं. रीत आहे तशी म्हणाल्या, "म्हण, तुमचं कहा-सुना सगळं माफ केलं." नवऱ्यानं आयुष्यात काही दुखवलं असेल तर बायकोनं ते मोकळं करून द्यायचं. शकिलानं ते म्हटलं. सगळ्या रडल्या. मेलेल्यानं जित्याला माफ करायची कुठली रीत नाही, आणि तिला तर हवी होती तीच. पांढऱ्या कापडावरून तिची नजर हलेना. शेवटी बायांनीच तिला उचलून आत नेलं.

अशा माणसामागं लग्नाच्या नऊ गाद्या भरायच्या राहिल्या होत्या. जुबेर म्हणाला, अब्बांनी घेतलेलं काम मी पुरं करतो. त्यानं नांदेडची नोकरी सोडली. शकिलानं सांगून पाहिलं की तुझ्या बापाला हे नको होतं. तो म्हणाला, "त्यांनी मला लई जपलं, अम्मी. आता त्यांचं नाव मी जपतो." तेराव्या दिवसाचे दोन ठसके विसाव्या दिवशी दहा झाले. पंचविसाव्या दिवशी तो जेवताना घास तोंडात धरून खोकला. तिनं हळूच म्हटलं, "दार उघडं ठेवत जा रे." तो हसला. "बरकत घालवू का, अम्मी?"

चाळिसाव्याचं जेवण घरीच झालं. अर्शी लातूरहून आली होती. पुरुष बाहेरच्या खोलीत बसले होते, बाया आत, मध्ये पडदा. बारडचे रामकिशनराव आले होते. त्यांच्या तीन पोरींच्या गाद्या याच खोलीत भरल्या होत्या. ते सगळ्यांना सांगत होते, "गुलामभाईसारखा माणूस पुन्हा व्हायचा न्हाई. दार लावून बसायचा. रस्त्यानं हत्ती गेला तरी मान वर करायचा न्हाई. ही तपश्चर्या हाय."

"बरकतीचं दार हाय ते, काका," जुबेर म्हणाला. "आता मी बी लावून घेतो."

पुरुषांनी माशाअल्लाह म्हटलं. पडद्याच्या अलीकडं अर्शीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "अम्मी, तू होतीस म्हणून अब्बांनी एवढे दिवस तरी काढले." शकिलाच्या ओठावर आलेलं सगळं तिथंच अडलं. तीस-चाळीस माणसं जेवत होती. तिनं उठून सालनाचं भांडं उचललं आणि वाढायला सुनेकडं दिलं. स्वतःच्या भ्याडपणाची तिला किळस आली.

त्या दिवशी जमलं नाही, म्हणून तिनं दुसरी वाट काढली. आठवड्यानं ऊन चढलं. ती जुबेरला म्हणाली, "उकाड्यानं माहा जीव जातोय. तुह्या खोलीतून वारा येतो. दोन्ही दारं उघड, माह्यासाठी." आईच्या जिवासाठी म्हटल्यावर त्यानं उघडली. दोन दिवस धूळ रस्त्यावर गेली, किराणावाला कुरकुरला. घराकडच्या दाराला पडदा लावून शकिला त्यामागं बसली. खरं न सांगता काम झालं, सुटले, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हणमंतराव नावाचा एक शेतकरी मोटारसायकलवर गाठोडं बांधून आला. मुलीचं लग्न होतं. गाठोडं ओट्यावर ठेवून तो बोलायला लागला आणि जुबेरला ठसका लागला. एक, दोन, मग थांबेनाच. तो भिंतीला हात टेकून वाकला.

हणमंतराव बघत राहिला. "तुमचे वडील बी असंच खोकून गेले म्हणतेत."

"धुळीचा हाय, काका. दुसरं काई न्हाई."

"ते खरं हाय. पण लगनाची गादी हाय, बाबा. येतो मी दोन दिसांनी." त्यानं गाठोड्याला हात घातला.

"थांबा की, काका," जुबेर म्हणाला. मग तो आतल्या बाजूला वळून, पडद्याकडं न बघता बोलला, "बघितलंस, अम्मी? अब्बा खोटं सांगत नव्हते. दार उघडं टाकलं नि बरकत उठून चालली." आणि तो रस्त्याकडचं दार लावायला गेला.

पडदा बाजूला झाला. शकिला मशीनच्या कडेनं, कापूस तुडवत आली आणि रस्त्याकडच्या उंबरठ्यावर बसली. पाठ दाराच्या एका फळीला, पाय दुसरीला. डोक्यावर पांढरी ओढणी, समोर परका पुरुष, पलीकडं सगळी गल्ली.

"अम्मी, आत जा. इद्दतीत हायस तू."

"हाय," ती म्हणाली. मग हणमंतरावकडं बघून बोलू लागली. आवाज फार मोठा नव्हता, पण किराणावाल्याला ऐकू गेला. "ह्याला खोकला हाय. कापसाच्या धुळीचा हाय. लागत न्हाई कुणाला. ह्याच्या बापाला बी हाच होता. तुमच्यासारखी माणसं खोकला ऐकून परत जायला लागली म्हणून मी त्यांना दार लावायला सांगितलं. फटींत बोळे मी कोंबले. तीन सालं ते आत बसून धूळ गिळत राहिले नि मी भाईर बसून गिऱ्हाईक घेत राहिले. त्यानंच गेले ते. आता तुमी रुई ठेवा न्हाईतर घेऊन जा. दार लागणार न्हाई."

हणमंतराव खाली मान घालून गाठोड्याच्या गाठीशी चाळा करत राहिला. मग त्यानं ते उचललं, मोटारसायकलला बांधलं आणि गेला.

जुबेर दाराची फळी धरून तसाच उभा होता. "अब्बांना ठाऊक होतं?"

"हाव. डॉक्टरीण बाईनं इचारलं, दार उघडं असतं का. त्यांनी माह्याकडं बघितलं नि हाव म्हणले. तुला बरकतीचं सांगितलं ते बी खोटंच. माह्यावर बोल येऊ नये म्हणून."

"नि तू त्यांना तसंच मरू दिलं?"

"हाव," शकिला म्हणाली.

त्यानं फळी सोडली. तो आत गेला आणि मशीनपाशी बसला. मग त्यानं तोंडाला फडकं बांधलं आणि मशीन चालू केली. धूळ उठली आणि शकिलाच्या अंगावरून रस्त्याकडं जाऊ लागली.

संध्याकाळी त्यानं लातूरला फोन करून अर्शीला सांगितलं. अर्शीनं फोन ठेवला आणि त्यानंतर आईचा एकही फोन उचलला नाही. ईदलाही ती आली नाही. जुबेरनं आईशी बोलणं टाकलं. जेवायचं ताट तो बायकोच्या हातून घ्यायचा. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, नवऱ्याला खाल्लं ते खाल्लं आणि इद्दतीत रस्त्यावर येऊन बसते. त्या साली लग्नाची कामं निम्मीही आली नाहीत.

इद्दतीचे उरलेले दिवस शकिलानं त्या उंबरठ्यावरच काढले. सकाळी जुबेर मशीनपाशी यायच्या आत ती तिथं येऊन बसायची. त्याला ओट्यावर जायचं असलं की ती पाय आवळून घ्यायची, तो न बोलता ओलांडून जायचा, आणि ती पुन्हा पाय पसरायची.